काही शहरांतील माणसे अधिक निरोगी का असतात?

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालकांसमोर केलेले भाषण)



वार्षिक समारंभात निकालाचे आकडे वाचले जातात, बक्षिसे दिली जातात, नव्या खोल्यांसाठी देणग्या जाहीर होतात. हे सर्व योग्यच आहे. परंतु आज मी थोडा वेळ अशा एका विषयासाठी मागून घेतला आहे, ज्याचा निकाल परीक्षा मंडळ लावीत नाही. तो निकाल चाळिशी-पन्नाशीत डॉक्टरांच्या दवाखान्यात लागतो. विषय असा की, काही शहरांतील माणसे इतर शहरांतील माणसांपेक्षा अधिक निरोगी व काटक का असतात, आणि त्यातून आपल्या नगरला काय घेता येईल?

हा प्रश्न कुणालाही विचारा, ठरावीक उत्तरे मिळतात. कुणी म्हणतो, तिकडची हवा चांगली. कुणी म्हणतो, त्यांचे खाणे कसदार. कुणी म्हणतो, ते रक्तच वेगळे. आणि बहुतेकजण शेवटी म्हणतात की, आपल्या लोकांत आळस फार. या उत्तरांत थोडेफार तथ्य आहे. पण शेवटचे उत्तर मला मान्य नाही. एखाद्या गावात आळशी माणसे जन्माला येतात आणि दुसऱ्या गावात उद्योगी, असे निसर्गाने काही वाटप केलेले नाही.

लंडन शहरातील एक प्रसिद्ध उदाहरण सांगतो. तेथे दुमजली बसगाड्या चालत. जेरेमी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी या बसगाड्यांच्या ड्रायव्हर व कंडक्टर लोकांच्या आरोग्याची पाहणी केली आणि १९५३ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. दोघेही एकाच शहरातले, एकाच गाडीवरचे, साधारण एकाच परिस्थितीतले. तरीही ड्रायव्हरांपेक्षा कंडक्टरांना हृदयविकार कमी होत असे, आणि झाला तरी त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण कमी असे. फरक कशाचा? ड्रायव्हर दिवसभर बसून असे, तर कंडक्टर तिकिटे फाडण्यासाठी दिवसाला पाचशे-सहाशे पायऱ्या चढे-उतरे. तो काही व्यायाम म्हणून चढत नव्हता. त्याच्या कामाची मांडणीच अशी होती की चढल्यावाचून गत्यंतर नव्हते.

बंधुभगिनींनो, माझ्या विषयाचे सार या एका उदाहरणात आहे. जी गोष्ट एका बसगाडीत खरी ठरली, तीच शहरालाही लागू पडते. ज्या शहराची मांडणी माणसाला सहज चालावयास, खेळावयास, हातपाय हलवावयास लावते, तेथील माणसे निरोगी राहतात. ज्या शहराची मांडणी माणसाला बसवून ठेवते, तेथील माणसे आजारी पडतात. दोष माणसाच्या इच्छाशक्तीला देण्यापूर्वी त्याच्या दारासमोरचा रस्ता पाहावा.

आज आपल्यापैकी पुष्कळांच्या खिशात मोबाईल फोन आहे. तो आपली पावले मोजतो. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी १११ देशांतील सात लाखांहून अधिक लोकांच्या फोनमधील पावलांची मोजदाद अभ्यासली व २०१७ साली ती प्रसिद्ध केली. जगाची सरासरी दिवसाला सुमारे ४,९६१ पावले निघाली. सर्वांत पुढे हाँगकाँग शहर, सुमारे ६,८८० पावले. आपल्या भारताची सरासरी ४,२९७. यात ज्यांच्याजवळ असा फोन आहे तेवढेच लोक आले, शेतमजूर व हमाल फारसे आले नसणार, हे खरे. तरीही शहरी माणसाचे चित्र त्यातून दिसते. याच संशोधकांनी अमेरिकेतील ६९ शहरे ताडून पाहिली. ज्या शहरांत पायी चालण्याची सोय चांगली होती, म्हणजे दुकान, शाळा, बाग पायी अंतरावर आणि रस्ता चालण्याजोगा, तेथे सर्वच लोक अधिक चालत होते. आणि त्याचा लाभ पुरुषांपेक्षा स्त्रियांना विशेष झालेला दिसला. हा मुद्दा कृपया ध्यानात ठेवावा. त्याकडे मला पुन्हा यावयाचे आहे.

परदेशाची गोष्ट येथे थांबवितो आणि आपल्या महाराष्ट्रात येतो. शरीराच्या बाबतीत कोणत्या शहराचे नाव घेतले की आपली मान आपोआप हलते? कोल्हापूरचे. आता कोल्हापूरचा प्रत्येक माणूस पैलवान नाही, आणि तेथेही रक्तदाबाच्या गोळ्या विकल्या जातातच. पण त्या शहरात कसरतीची एक रीत आहे, आणि ती आकाशातून पडलेली नाही. छत्रपती शाहू महाराजांनी १८९४ ते १९२२ या आपल्या कारकिर्दीत मल्लांना आश्रय दिला, तालमींना बळ दिले. परदेश प्रवासात रोमचे प्राचीन क्रीडागार पाहून आल्यावर त्यांनी खासबागेचे कुस्ती मैदान बांधविले. ते १९१२ साली खुले झाले. मध्यभागी हौद, आणि भोवती चढत गेलेली अशी बैठक की शेवटच्या रांगेतल्या शेतकऱ्यालाही मातीतला डाव दिसावा.

महाराज गेले, संस्थान विलीन झाले, पण तालमी राहिल्या. प्रत्येक पेठेला आपली तालीम. पोरगा मिसरूड फुटण्याआधी तेथे जाऊन बसू लागतो. लाल माती अंगाला लागते, जोर-बैठका आपोआप होतात. पुढे या पेठांतील तालीम मंडळांनी फुटबॉलचे संघ उभे केले. एका तालमीचा सामना दुसऱ्या तालमीशी असला की शाहू स्टेडियम भरून जाते. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांची फुटबॉलची विश्वचषक स्पर्धा भारतात झाली. त्यात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव हा कोल्हापूरचाच. सांगावयाचे एवढेच की, तेथे मुलाला कसरतीसाठी निश्चय करावा लागत नाही. घरातून निघून गल्लीच्या टोकापर्यंत गेले की पुरे.

येथे जमलेल्या शिक्षणप्रेमी मंडळींना आणखी एक गोष्ट आवर्जून सांगतो. ज्या शाहू महाराजांनी खासबागेचे मैदान बांधले, त्यांनीच १९०६ साली कोल्हापुरात मुसलमान समाजासाठी शिक्षण संस्था काढविली व विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग उभे केले. एका हाताने वसतिगृह, दुसऱ्या हाताने आखाडा. पुस्तक आणि पटांगण यांत त्यांना विरोध दिसला नाही. मग तो आपल्याला का दिसावा?

कुणी म्हणेल, राजा होता म्हणून झाले. तर मग आपल्याच जिल्ह्यात या. जामखेडला राजा नव्हता. १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे हे दाम्पत्य तेथे गेले. तो दुष्काळी, दरिद्री मुलूख. त्यांनी केवळ इस्पितळ बांधून रोग्यांची वाट पाहिली नाही. गावोगावच्या साध्या बायका निवडल्या. त्यांतील कित्येक निरक्षर, कित्येक दलित समाजातील. त्यांना शिकवून गावाच्या आरोग्यसेविका केले. पिण्याचे पाणी, बाळंतपण, मुलांचे वजन, जुलाबावर मीठ-साखरेचे पाणी, अशा गोष्टी त्यांनी घरोघर नेल्या. त्या भागात सुरुवातीला जन्मलेल्या हजार बालकांमागे पावणेदोनशेच्या आसपास बालके वर्षाच्या आत दगावत. १९९० नंतरच्या काही वर्षांत हा आकडा विसांच्या घरात आला. आरोळे दाम्पत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जामखेडच्या माणसांचे रक्त काही वीस-पंचवीस वर्षांत बदलले नाही. बदलली ती व्यवस्था.

आणि खुद्द नगर शहर? हे शहर १४९० साली वसले तेव्हाच निजामशाहीच्या कारभाऱ्यांना कळून चुकले की पाण्यावाचून वस्ती टिकणार नाही. त्यांनी कापूरवाडी, वडगाव अशा भोवतालच्या गावांकडून भाजलेल्या मातीच्या नळांनी जमिनीखालून शहरात पाणी आणले. त्यालाच आपण खापरी नळ म्हणतो. म्हणजे आरोग्य ही एकेकट्या घराची नव्हे, तर सगळ्या शहराची बाब आहे, हे आपल्या पूर्वजांना पाचशे वर्षांपूर्वी उमगले होते. त्या काळी प्रश्न पाण्याचा होता. आज प्रश्न मोकळ्या जागेचा आणि चालण्याच्या रस्त्याचा आहे.

आज कापड बाजारातून किंवा दाळमंडईतून सकाळी अकरा वाजता एखाद्या म्हाताऱ्या माणसाने चालत जाऊन दाखवावे. एका बाजूला हातगाडी, दुसऱ्या बाजूला उभ्या केलेल्या दुचाक्या, मध्ये मालाचा टेम्पो. फूटपाथ असलाच तर त्यावर दुकानाचा माल. असा माणूस दोन वेळा धक्के खातो आणि तिसऱ्या वेळी रिक्षा करतो. त्याला आपण आळशी म्हणावे काय? शेजारीच भिंगारची छावणी आहे. तेथे रुंद रस्ते, झाडे, मैदाने, आणि पहाटेची कवायत. तेथील जवान आपल्याच देशातील शेतकऱ्यांची मुले आहेत. त्यांचे शरीर वेगळे घडते, कारण त्यांचा दिवस वेगळा आखलेला असतो.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. लोक म्हणतात, "गुरुजी, आमची माणसे दिवसभर राबतात. त्यांना कसला व्यायाम सांगता?" हा आक्षेप खरा आहे व त्याचे उत्तर दिले पाहिजे. राबणे आणि निरोगी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या शहरात विड्या वळण्याचा धंदा जुना. विड्या वळणारी बाई सकाळपासून संध्याकाळपर्यंत सूप मांडीवर घेऊन वाकून बसते. बोटे अखंड चालतात, पण पाय, पाठ, छाती जागच्या जागी आखडतात, आणि तंबाखूची धूळ श्वासाबरोबर आत जाते. शिलाई मशीनवर बसणारा कारागीर, गल्ल्यावर बसणारा दुकानदार, रिक्षावाला, सर्वांची हीच तऱ्हा. दुसरीकडे हमाल व ऊसतोड मजूर शरीराने मरमर राबतात, पण पोटात पुरेसे अन्न नाही आणि विसावा नाही. श्रमाने माणूस थकतो. श्रमाला अन्न, विसावा आणि मोकळा श्वास यांची जोड मिळाली तरच तो काटक होतो.

याचा परिणाम आकड्यांत दिसू लागला आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. खेड्यांत त्याचे प्रमाण प्रौढांमध्ये ८.९ टक्के, तर शहरांत १६.४ टक्के, म्हणजे जवळजवळ दुप्पट. शहराने आपल्याला शाळा दिल्या, दवाखाने दिले, नोकऱ्या दिल्या, आणि सोबत हा रोगही दिला. आपल्या मोहल्ल्यात असे घर शोधून काढणे आता कठीण झाले आहे, ज्यात साखरेची गोळी घेणारा एकही माणूस नाही.

आता मघाशी बाजूला ठेवलेल्या मुद्द्याकडे येतो. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासानुसार भारतातील जवळजवळ निम्म्या प्रौढांची शारीरिक हालचाल गरजेपेक्षा कमी पडते. पुरुषांत हे प्रमाण सुमारे ४२ टक्के आणि स्त्रियांत ५७ टक्के. हा पंधरा टक्क्यांचा फरक कोठून आला? आपल्याच घराकडे पाहू. आमच्या मोहल्ल्यातील वृद्ध पुरुष दिवसातून पाच वेळा मशिदीपर्यंत चालत जातात. फजरच्या वेळी मोकळ्या हवेत त्यांची फेरी होते, चार माणसे भेटतात, सुखदुःखाच्या गोष्टी होतात. त्यांच्याच वयाची घरातील स्त्री मात्र दोन खोल्यांत वावरते. गुडघे दुखू लागले की ती बसते, बसली की वजन वाढते, वजन वाढले की गुडघे अधिक दुखतात. तिने चालावे असे डॉक्टर सांगतात. कोठे चालावे, हे कोणी सांगत नाही.

हीच गोष्ट मुलींची. पाचवीतील मुलगी मैदानावर मुलांच्या बरोबरीने पळते. आठवीत गेली की ती भिंतीला टेकून उभी राहते. नववीत ती खेळाच्या तासाला वर्गातच बसण्याची परवानगी मागते. हे मी माझ्या वर्गांत दरवर्षी पाहतो. ती दुबळी नाही. तिला बिनसंकोच पळता येईल अशी जागा व वेळ आपण ठेवलेली नाही. कोल्हापूरच्या तालमींचे मी एवढे कौतुक केले, पण त्यांचे दारही फार काळ पुरुषांपुरतेच उघडे होते. ते आता बदलू लागले आहे. २०२३ साली सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडी हिने ती जिंकली. जागा मिळाली की मुली उतरतात.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की शाळकरी मुलामुलींना दिवसाला सरासरी एक तास, आणि मोठ्यांना आठवड्याला किमान अडीच तास अंगमेहनतीची हालचाल हवी. आपल्या मुलांना हा एक तास कोठे मिळणार? घरे लहान, गल्ल्या वाहनांनी भरलेल्या, मोकळे भूखंड बांधून झालेले. बहुतेकांसाठी शाळेचे पटांगण ही शहरातील एकमेव मोकळी जमीन उरली आहे.

म्हणून, अध्यक्ष साहेब, लहान तोंडी मोठा घास घेतो, त्याबद्दल क्षमा असावी. पटांगणाच्या रस्त्याकडील बाजूस दुकानांचे गाळे काढावेत व त्यांच्या भाड्यातून वर्गखोल्या बांधाव्यात, असा विचार मधून मधून बोलून दाखविला जातो. त्यामागील हेतू शुद्ध आहे. वर्गांत मुले दाटीने बसतात हे मी रोज पाहतो, आणि संस्थेची तिजोरी किती भरलेली आहे हेही मला ठाऊक आहे. पण माझी नम्र विनंती अशी की, खोल्या एकावर एक चढविता येतात, मैदान चढविता येत नाही. एकदा गेलेली मोकळी जमीन कोणत्याही देणगीने परत येणार नाही. आपल्या जिल्ह्यातील श्रीरामपूरचा झहीर खान देशासाठी गोलंदाजी करून गेला, पण त्यासाठी त्याला कोवळ्या वयात मुंबई गाठावी लागली. प्रत्येकाच्या नशिबी मुंबई नसते.

जागा किती लागते? आपल्याच भुईकोट किल्ल्यात १९४२ सालच्या ऑगस्टपासून पंडित नेहरू, मौलाना आझाद, सरदार पटेल आदी नेते स्थानबद्ध होते. तेथील अंगणातील दगडविटांनी भरलेली जमीन खणून नेहरूंनी बाग फुलविली. कैद्यालासुद्धा थोडे मोकळे अंगण व हाताला काम मिळाले की तो तगतो. आपल्या मुलांना कैद्यांपेक्षा कमी अंगण देऊ नये.

पैशाचाही फार मोठा प्रश्न नाही. दक्षिण अमेरिकेत बोगोटा नावाचे शहर आहे. १९७४ पासून तेथे सुट्टीच्या दिवशी सकाळी काही रस्ते वाहनांना बंद करून लोकांना चालण्यासाठी व सायकलींसाठी मोकळे करण्याचा उपक्रम सुरू झाला. आज दर रविवारी सकाळी सात ते दुपारी दोनपर्यंत सुमारे सव्वाशे किलोमीटर रस्ते असे खुले असतात. नवा रस्ता बांधला नाही. आहे तोच रस्ता काही तास माणसांना दिला.

आपणही आहे त्यातूनच सुरुवात करू शकतो. माझ्या चार सूचना आहेत. पहिली, पटांगणाची एक वीतही जागा बांधकामाला न देण्याचा ठराव संस्थेने करावा. दुसरी, खेळाचा तास गणित वा इंग्रजीच्या जादा तासासाठी घेऊ नये, परीक्षा जवळ आली तरीही. हे मी शिक्षक बांधवांना, आणि त्यांच्यातला एक म्हणून स्वतःलाही सांगतो. तिसरी, आठवड्यातून ठरलेले तास पटांगण फक्त मुलींसाठी असावे, शिक्षिकांच्या देखरेखीखाली. आणि शाळा भरण्यापूर्वी पहाटे एक तास ते मोहल्ल्यातील माता-भगिनींना चालण्यासाठी उघडावे. फाटकावर आपल्यातीलच दोन वयस्क भगिनी बसल्या की पुरे. चौथी, ज्यांची घरे मैलभराच्या आत आहेत त्यांनी मुलांना दुचाकीवरून शाळेत सोडू नये. गल्लीतील आठ-दहा मुलांनी मिळून, एका मोठ्या माणसाबरोबर चालत यावे. मात्र त्यासाठी शाळेसमोरचा फूटपाथ मोकळा हवा. तो महानगरपालिकेकडे आपण सर्वांनी मिळून, सह्यांच्या अर्जाने मागावा. एकट्याने मागितले की तक्रार होते, शंभरांनी मागितले की काम होते.

पालकहो, आपण मुलांच्या शिकवणीसाठी पोटाला चिमटा घेऊन फी भरता. हा मुलगा उद्या डॉक्टर होईल, ही मुलगी अधिकारी होईल, ही आपली उमेद आहे. ती पुरी होवो. पण पंचेचाळिसाव्या वर्षी ज्याला जिना चढताना धाप लागते, त्याच्या शिक्षणाचा अर्धा लाभ वाया जातो. काही शहरे निरोगी आहेत, कारण तेथे कुणीतरी कधीतरी मैदान राखले, पाणी आणले, रस्ता मोकळा ठेवला. ती माणसे आपल्यासारखीच होती. नगरमध्ये ते काम या पटांगणापासून सुरू व्हावे, आणि पुढील वर्षीच्या समारंभात निकालाच्या आकड्यांबरोबर पहाटे येथे चालावयास येणाऱ्या माता-भगिनींची संख्याही वाचून दाखविली जावी, एवढीच इच्छा व्यक्त करतो.